शीड कोण शिवतंय?

आमच्या दुकानात रेडिओ नव्हता. चिकपेटच्या आमच्या गल्लीत शिंप्यांची चार दुकानं होती. बाकीच्या तिघांकडे रेडिओ होता आणि तो सकाळपासून कोकलत असायचा. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं की गाणं लागलं की मशीनवाल्याचे पाय त्या तालावर पायडल मारायला लागतात, आणि मग टीप कुठे लांब पडते, कुठे आखूड. गिऱ्हाइकाच्या पाठीवर सिनेमाचं गाणं शिवलेलं त्यांना चालत नसे.

रेडिओऐवजी आमच्याकडे वाचन चालायचं. शिवणकामात हात आणि डोळे गुंतलेले, कान मात्र दिवसभर रिकामे. म्हणून दुपारी जेवणं झाली की घरातलं कोणीतरी खाली दुकानात येऊन मोठ्यानं वाचायचं. ही आमच्या घरातली जुनी रीत. मी शाळेतून घरी येऊन दप्तर टाकलं की ते काम माझ्याकडे यायचं. आधी पोथ्या होत्या. त्या इतक्यांदा वाचून झाल्या होत्या की मी ओळ चुकले तर मशीन न थांबवता कोणीतरी ती पुरी करून द्यायचं. मला भारी कंटाळा यायचा. तोंड वाकडं करून वाचलं म्हणून एकदा आईचा धपाटाही खाल्ला होता.

मी बारा-तेरा वर्षांची असताना मला शाळेत एक इंग्रजी पुस्तक बक्षीस मिळालं, सुवाच्य अक्षरासाठी. माझी शाळा दंडूत होती. पेटेतले, म्हणजे जुन्या गावातले, आम्ही लोक कंटोन्मेंटला दंडूच म्हणायचो, आणि ते गाव वेगळंच आहे असं समजून वागायचो. पुस्तक म्हणजे समुद्रावरच्या साहसाची जुनी, गाजलेली कादंबरी होती. एक गलबत, एक तरुण कप्तान, बेटावर अडकलेला त्याचा भाऊ, आणि त्याला सोडवायला निघालेली माणसं. मी अण्णांना म्हटलं, पोथ्या पुरे, आता हे वाचते. इंग्रजीतून बघायचं आणि मराठीत सांगायचं. अण्णांचं स्वतःचं इंग्रजी छाती, कंबर, बाही इथवरच होतं. ते म्हणाले, "सरी," म्हणजे कन्नडात 'बरं', "वाच. पण कोणाचे हात थांबले तर पुन्हा पोथी."

हात थांबले नाहीत. दोघे मशीनवाले, कापड बेतायला अण्णा, आणि काज करायला मामा, असे चौघे ऐकणारे. मामा नक्की कोणाचे मामा होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या आजोबांच्या वेळेपासून ते दुकानात होते आणि अण्णाही त्यांना मामाच म्हणत. ते फक्त काज करायचे. कोटाला चीर द्यायची, कडा कच्च्या दोऱ्यानं धरायच्या, मग मेण लावलेला रेशमी दोरा घेऊन टाक्याला टाका लावत जायचं, प्रत्येक टाक्याला काठावर एक गाठ. त्यांचं काज बघायला दुसऱ्या दुकानांतले शिंपी येत. मला ते पुट्टी म्हणत, कन्नडात लहान मुलीला म्हणतात तसं.

मी सांगते आहे त्या काळात मात्र मामांचे डोळे अधू झाले होते. हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. काजं वाकडी व्हायला लागली होती. संध्याकाळी मामा घरी गेले की अण्णा त्यांची काजं ब्लेडनं उसवत आणि स्वतः पुन्हा करत. सकाळी मामा आले की तयार कोट खुंटीवर लटकत असत. "बरी झालीत ना?" असं मामांनी विचारलं की अण्णा खालमानेनं म्हणायचे, "तुमचं काम, मामा. त्यात काय बघायचं?"

तर त्या कादंबरीत एक म्हातारा होता. गलबतावरची शिडं शिवणारा. लेखकानं त्याला चार-पाच ओळींच्या वर जागा दिली नव्हती. पण मी "शीड शिवणारा" असं वाचलं मात्र, चारही माणसांनी मान वर केली. समुद्रावरही आपला एक माणूस आहे! धाकटा मशीनवाला म्हणाला, "कप्तान राहू दे गं, त्या म्हाताऱ्याचं सांग." मामांनी विचारलं, शिडाला दोरा कसला वापरतात, सुई केवढी असते, टाका कुठला. पुस्तकात यातलं काही नव्हतं. मी ठोकून दिलं. सुई वितीएवढी, दोऱ्याला मेण, आणि दुहेरी टाका. मामा खूश होऊन म्हणाले, "बरोबर आहे. मेणाशिवाय दोरा वाऱ्याला टिकायचा नाही."

पाचव्या प्रकरणात वादळ येतं आणि तो म्हातारा समुद्रात वाहून जातो. मी ते पान आदल्या रात्रीच अंथरुणात वाचून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात आले तर एक गिऱ्हाईक कोट हातात घेऊन ओरडत होतं. अण्णांच्या नजरेतून एक काज सुटलं होतं आणि त्यात बटण शिरत नव्हतं. मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. गिऱ्हाईक गेल्यावर ते मला म्हणाले, "वाच गं पुट्टी. आपला म्हातारा काय म्हणतोय?"

सांगा, अशा माणसासमोर मी त्याला बुडवू कशी? मी त्याला डोलकाठीच्या दोराला धरून ठेवलं. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण खोट्याला पाय नसतात म्हणतात, त्यामुळे त्याला रोज कडेवर घेऊन हिंडावं लागतं. म्हातारा जिवंत राहिला म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक प्रकरणात त्याला काहीतरी काम द्यावं लागलं. मी त्याचे डोळेही अधू करून टाकले. सगळे म्हणतात याला आता दिसत नाही, किनाऱ्यावर उतरवून द्या. पण भर वादळात शीड फाटतं तेव्हा तो नुसत्या बोटांनी चाचपून शिवतो आणि गलबत वाचतं. हे सांगितलं त्या दुपारी मामांचा हात पहिल्यांदाच थांबला. अण्णांनी ते पाहिलं, पण पोथीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर मामा बदललेच. त्याआधी ते अधूनमधून म्हणायचे, आता घरी बसावं. ते बोलणं बंद झालं. ते सर्वांआधी दुकानात येऊन बसू लागले. काजं मात्र वाकडीच होती आणि अण्णांचं ब्लेड रोज संध्याकाळी चालूच होतं. मला मनातून फार मोठेपणा वाटत होता. मी एका माणसाला उभं केलंय, असं मला वाटायचं. त्या वयात दुसऱ्याचं भलं करतोय या कैफात माणूस काय काय करतो!

आणि एके दिवशी थोरला मशीनवाला दंडूत गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवून आला तो ओरडतच. "पुट्टीच्या पुस्तकाचा सिनेमा लागलाय! भिंतीवरच्या पोस्टरवर हेच गलबत आहे, मी पुस्तकावरच्या चित्राशी ताडून सांगतो. पण माणसं खरी नाहीत, सगळी काढलेली आहेत."

तो चित्रांचा सिनेमा होता, विलायती. त्यात म्हातारा बुडाला की माझं बिंग फुटणार होतं. मी काय काय सांगून पाहिलं! तो बाळांचा सिनेमा आहे, इंग्रजीत आहे, तुम्हाला कळायचा नाही, तिकडे साहेबलोक बसतात. मामा हसून म्हणाले, "गोष्ट तर आम्हाला पाठ आहे. इंग्रजी कशाला पाहिजे?" आमच्या दुकानाला सुट्टी असायची अमावास्येची. येत्या अमावास्येला सगळ्यांनी दुपारच्या खेळाला जायचं ठरलं.

मामा त्या दिवशी धुतलेलं धोतर आणि ठेवणीतला कोट घालून आले. त्या कोटाची काजं त्यांच्या चांगल्या दिवसांतली होती, अजून एक दोरा सुटला नव्हता. थिएटरात ते माझ्या शेजारी बसले. अंधार झाला आणि पडद्यावर समुद्र आला. मी आयुष्यात एवढा रंग एका जागी पाहिला नव्हता. लाट उठायची तीच मुळी नाचत, फेसाला बोटं असायची, आणि गलबत एखाद्या लठ्ठ बाईसारखं डुलत चालायचं. क्षणभर मी माझी भीती विसरले.

आमची मंडळी मात्र कपडे बघत होती. अण्णांनी पलीकडून कुजबुजत विचारलं, "कोटाला शिवण कुठाय? खांदा जोडलाय कुठे?" खरंच, कप्तानाच्या कोटाला शिवण नव्हतीच. बटणं कधी सहा दिसायची, कधी पाच. धाकट्या मशीनवाल्यानं शोध लावला की सगळ्यांच्या हाताला चारच बोटं आहेत. "अंगुस्तान कुठल्या बोटात घालत असतील?" आणि शीड तर एकसंध, कुठे जोड नाही. एवढ्या पन्ह्याचं कापड कुठल्या गिरणीत निघतं, यावर मागच्या रांगेतून कोणीतरी शुक् शुक् करेपर्यंत चर्चा झाली.

मामा मला विचारत होते. आधी वाटलं, इंग्रजी कळत नाही म्हणून विचारताहेत. मग ते म्हणाले, "ते निळं हलतंय, तो समुद्र ना गं?" भिंतीएवढा पडदा, डोळे दिपतील असे रंग, आणि मामांना समुद्र विचारावा लागत होता! डोळे अधू आहेत हे माहीत होतं. ते इतके गेलेत हे मला तेव्हा कळलं. मला रडू फुटायला लागलं, पण रडायला वेळ नव्हता. मी त्यांच्या कानाशी लागून एकेक सांगत राहिले. आता गलबत निघालं. आता दुष्ट खलाशी कट करताहेत. आणि मनात एकच: म्हातारा कधी येतो आणि कधी बुडतो?

म्हातारा आलाच नाही. सिनेमावाल्यांनी त्याला मुळातच गाळून टाकलं होतं. त्याच्या जागी पोरांना हसवायला एक माकड घेतलं होतं, पुस्तकात कुठेही नसलेलं. वादळ आलं. विजा कडाडल्या, शीड टरकन फाटलं. तो आवाज मामांनी बरोबर ओळखला. कापड फाटल्याचा आवाज त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"शीड कोण शिवतंय?"

पडद्यावर ते माकड शेपटीत सुई धरून, डोलकाठीवर उलटं लटकून, गिरक्या घेत शीड शिवत होतं. सगळं थिएटर खो खो हसत होतं.

मी म्हटलं, "म्हातारा शिवतोय, मामा."

"मग हसताहेत का?"

"आनंदानं," मी म्हटलं.

मामांनी माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळींपैकी कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

परत येताना आम्ही मार्केटपर्यंत बसनं आलो. बसमध्ये गर्दी होती, मामा दांड्याला धरून उभे होते. धाकटा मशीनवाला रंगात आला होता. एका हाताची शेपटी करून त्यानं ते माकड करून दाखवलं. "आपल्या धंद्याची अब्रूच घेतली हो! म्हणे माकडानं शीड शिवलं, तेही शेपटीनं!" सगळे हसले. अण्णाही हसले.

मामांनी विचारलं, "कुठलं माकड?"

"अहो, वादळात शीड नाही का शिवलं? आपल्या म्हाताऱ्याला त्यांनी घेतलंच नाही. पैसे वाया."

मामांनी मान माझ्या दिशेला वळवली. मी कुठे उभी आहे ते त्यांना दिसत नसणार, पण बरोबर माझ्याच दिशेला. ते फक्त "सरी" म्हणाले. मार्केटला उतरल्यावर मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि काठी टेकत एकटे गेले.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. माझ्या जन्मापासून असं झालं नव्हतं. त्यांच्या बसकराजवळ बिनकाजांचे कोट साठत गेले. पुस्तक उघडायची माझी छाती होईना आणि कोणी वाच म्हणालंही नाही. शेवटी मी अण्णांना सगळं सांगून टाकलं, पाचव्या प्रकरणापासून माकडापर्यंत. वाटलं, आता मार बसणार. अण्णा बराच वेळ खडूनं कापडावर रेघ मारत राहिले, रेघेवरच रेघ. मग म्हणाले, "मी तुला कुठल्या तोंडानं रागावू? जा, त्यांची माफी मागून ये. पुस्तक घेऊन जा."

मामांची खोली आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे होती. ते उंबऱ्यात बसले होते, मांडीवर कापडाचा तुकडा आणि हातात सुई. माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "ये पुट्टी. बस." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी रडत रडत सांगितलं, म्हातारा पाचव्या प्रकरणातच गेला होता, पुढचं सगळं माझ्या मनाचं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

मामा म्हणाले, "तुम्ही बाप-लेक एकाच कापडाचे. डोळे गेले म्हणजे बोटंही गेली असं वाटतं तुम्हाला? सकाळी मी खुंटीवरच्या कोटावर हात फिरवतो. माझी गाठ मला कळत नाही होय? दीड वर्ष झालं, ते बटण न शिरलेलं सोडलं तर त्यात एक काज माझं नाही."

मी बाहीनं डोळे पुसले.

"अण्णाला वाटतं मला कळत नाही. मी कळू देत नाही. त्याला बरं वाटतंय तर वाटू दे. पण मग तू त्या म्हाताऱ्याची गोष्ट आणलीस. मला वाटायचं, लांब कुठे समुद्रावर का होईना, एक जण आहे. त्यालाही दिसत नाही, पण त्याचं काम मागाहून कोणी उसवत नाही. रोज तेवढ्यासाठी यायचो मी." त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "तर तोही तूच शिवलेला निघाला."

आजही हे लिहिताना मला लाज वाटते. मी त्यांना आधार दिला असं समजत होते, आणि होतं-नव्हतं ते मीच काढून घेतलं होतं.

मग मामा म्हणाले, "पुस्तक आणलंयस ना? खरं काय लिहिलंय ते वाच. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. स्वल्पही वाढवायचं नाही."

मी वाचलं. दोनच वाक्यं होती. वादळाच्या रात्री शीड शिवणारा म्हातारा वाहून गेला. तो नाही हे सकाळी कळलं, फाटलेलं शीड तसंच लोंबत होतं तेव्हा.

"एवढंच?"

"एवढंच, मामा."

"मग ते शीड कोणी शिवलं?"

मी पुढचं पान पाहिलं, त्याच्या पुढचंही. "लिहिलेलं नाही. पण गलबत बेटाला पोचतं."

मामा मांडीवरच्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. समोरच्या घरातली बाई पाणी भरून दोनदा गेली-आली. मग ते म्हणाले, "पोचलं ना? मग कोणीतरी शिकलं असणार."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. आपल्या जागेवर बसले नाहीत, अण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, यापुढे काज मी करणार नाही. पुट्टी करेल, मी शिकवीन. आणि उसवायचं असेल ते माझ्यासमोर उसवायचं." अण्णांनी कात्री खाली ठेवली, गळ्यातल्या टेपनंच डोळे पुसले, आणि मामांच्या पाया पडले. मशीनवाले दोघे मुकाट्यानं पायडल मारत होते.

मुलीच्या जातीनं दुकानात बसून काज करायचं, यावर आई आठवडाभर धुसफुसली. मामांनी तिलाही जुमानलं नाही. वाचन संध्याकाळवर गेलं. दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून चिंधीवर चीर द्यायची, कडा धरायची, दोऱ्याला मेण लावायचं. त्यांचं बोट माझ्या बोटामागून कापडावर फिरत असायचं. चिंध्यांचा ढीग झाला तेव्हा त्यांनी अण्णांकडून एक खरा कोट मागून घेतला, गिऱ्हाइकाचा. मी घाम पुसत, जीभ दातांत धरून, पहिलं काज केलं. ते सरळ होतं. निदान मला सरळ दिसत होतं. अण्णा लांबून बघून मान डोलावत होते. धाकटा मशीनवाला म्हणाला, "वा!"

मामांनी कोट मांडीवर घेतला. अंगठ्यानं काजाच्या एका काठावरून गेले, दुसऱ्यावरून परत आले. एका जागी थांबले.

"वाईट झालंय," ते म्हणाले. "उसव."

ते खरं सांगत होते. मी ब्लेड घेतलं आणि त्यांच्यासमोर उसवायला बसले.